पक्का बसलेला दात

सिगारेटमुळे काकांचा पहिला इम्प्लांट, जबड्यात स्क्रूनं बसवलेला दात, हलायला लागला आणि काढावा लागला. दुसऱ्या वेळी दातांच्या डॉक्टरबाईंनी स्पष्टच बजावलं, "काका, धुरानं हाड स्क्रूला धरत नाही. सहा महिने एकही ओढायची नाही. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, उगाच जबड्याला भोकं नकोत!" काकांनी त्याच दिवशी पाकीट कचऱ्यात टाकलं आणि पुन्हा सिगारेटला हात लावला नाही.

आज एक्स-रे बघून बाई खूश झाल्या. "एकदम पक्का बसलाय! एवढी जुनी सवय एका दातासाठी सुटली हो?"



"घरात तरी ओढू नका हो," असं बायको बावीस वर्षं सांगत होती. जाण्याआधी बोलायलाही श्वास पुरेना, तेव्हा ती नुसतं खिडकीकडे बोट दाखवायची.