सोमवारचा फोन

"ते जुनं व्हर्जन काढ, नाईतर मी चाललो नागपूरले!" मिथुन खुर्ची मागे ढकलून उभा राहिला.

नंदिनीनं त्याची खुर्ची पुन्हा टेबलाशी ओढली. वडसा गावातल्या त्या दोन खोल्यांत सहा जण मिळून धानाच्या गिरण्यांसाठी आणि लाकडाच्या डेपोंसाठी सॉफ्टवेअर लिहीत. सगळ्यांचं काम तपासणारी चाचणीची टूल्स एकच, आणि ती सांभाळायची या दोघांनी. डेटाबेसची नवनवी व्हर्जनं आली, पण कुणी काहीही लिहिलं तरी ते सगळ्यात जुन्यावरही चाललंच पाहिजे, हा नंदिनीचा हट्ट. नव्यावर सुरळीत धावणारं काम जुन्यावर आपटायचं, की मिथुन रात्रंदिवस डोकं फोडत बसायचा. आणि हे सारं कशासाठी? तर आलापल्लीच्या लाकूड डेपोत जुन्या व्हर्जनवर चालणाऱ्या एका कॉम्प्युटरसाठी!

"त्या डेपोतल्या देवरावभाऊंनी सगळ्यात आधी आपल्यावर भरोसा टाकला," ती म्हणायची. दर सोमवारी ती डेपोत फोन करी. जुनं चालू आहे का, एवढंच विचारी. बंद करा म्हणायला काही जीभ रेटत नसे. पलीकडून उत्तर ठरलेलं, "हाये न बाई, चालू हाये."

पण मिथुन गेला तर सगळाच कारभार आटोपला असता. त्या सोमवारी तिनं फोन केला नाही. मन घट्ट करून सरळ आलापल्लीची एसटी धरली.

मे महिना. डेपोच्या मागच्या खोलीत देवरावभाऊ फोनजवळ घामानं निथळत बसले होते. टेबलफॅन मशीनकडे तोंड करून फिरत होता.

"भाऊ, राग नका मानू," तिनं एका दमात सांगून टाकलं. "आम्ही जुनं व्हर्जन बंद करून राह्यलो."

भाऊ दुपट्ट्यानं तोंड पुसून म्हणाले, "मालकानं तं दोन वर्षांमांगंच दुसऱ्याचं सॉफ्टवेअर घेतलं, बाई. मीबी रिटायर झालो. सोमवारी येतो, हे मशीन लावतो, तुमचा फोन घेतो न जातो."

"मग हे काऊन ठेवलं, भाऊ?"

"तुमीच विचारता न, चालू हाये का म्हून. मले वाटलं, तुमचं काम याच्यावरच चालते. बंद कसं करू?"

हसता हसता नंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं उठून मशीनचं बटन बंद केलं आणि पंखा भाऊंकडे वळवला.