पडद्यावरचं पाकीट

"आता ह्याचा आवाज कसा ऐकू?" हौसाबाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोटानं टकटक केलं. पडद्यावर एका रिकाम्या पाकिटाचं चित्र होतं आणि खाली 'हे कुठे टाकाल?' याची चार उत्तरं. चोवीस वर्षं कचरा वेचताना त्यांनी प्लॅस्टिक कधी नुसतं बघून ओळखलंच नव्हतं. कानाशी नेऊन चुरगाळलं, की ते कुठल्या ढिगात जाणार हे त्यांना कळायचं.

दिल्लीत नवा कायदा झाला होता. कचरा वेचणाऱ्या बायका आता 'हरित कामगार' होणार होत्या. पक्की नोकरी, पगारी रजा, म्हातारपणी पेन्शन. फक्त ही परीक्षा पास व्हायला हवी होती.

"खरं पाकीट हातात द्या की, सायेब. एका दमात सांगते."

"तशी सोय नाही, बाई," परीक्षा घेणारे साहेब म्हणाले. "कायदा तुमच्यासाठीच केलाय, पण परीक्षा पडद्यावरच घ्यायची असा नियम आहे."

"माज्यासाठी केलाय, तर करताना मला इचारायला काय झालतं?"

तेवढ्यात वेळ संपली आणि पडद्यावर लाल अक्षरांत 'अनुत्तीर्ण' उमटलं. हौसाबाई पदर खोचून तणतणत दाराकडे निघाल्या.

साहेबांनी हातातले वेफर्स संपवले आणि पाकीट चुरगाळलं.

"आतून चांदीचा थर हाय त्याला!" मागे वळूनही न बघता हौसाबाई दारातून कडाडल्या. "भंगारात कुणी घेत नाय. येगळं ठेवा!"

साहेबांनी हातातल्या पाकिटाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. चित्रातलं पाकीट तसंच होतं आणि बरोबर उत्तरही तेच होतं. पुढची परीक्षा मात्र सहा महिन्यांनी होती.