एक लस जास्तीची

घरटी एकच मूल ठेवायचं, दुसरं सरकार उचलून नेणार, असा कायदा होता. सकाळी लस घेऊन गेलेली मुलगी दुपारी आईबरोबर पुन्हा आली. दंडावर सुईची खूण नव्हती. ही जुळी बहीण, हे नर्सनं ओळखलं.

"यादीत हिला लस दिल्याची नोंद आहे," शेजारी बसलेला सरकारी इन्स्पेक्टर म्हणाला. आईची पाचावर धारण बसली.

"कसली देतेय साहेब! नाव लिहीपर्यंत पळाली होती," म्हणत नर्सनं सुई टोचली.

संध्याकाळी हिशेबात एक लस कमी भरली. नर्सनं ती स्वतः घेतल्याचं लिहिलं.

महिन्याभरात साथ आली. लस घेतलेल्यांनाच रुग्णांजवळ पाठवायचं ठरलं.

"भीती नाही ना वाटत?" डॉक्टरांनी विचारलं.

"लस घेतलीय की मी," म्हणत नर्स हसली आणि वॉर्डात शिरली.