अकरा वाजताचा ग्लास

ग्लेनिसनं शेजारच्या टेबलावरचे चार रिकामे ग्लास एका हातात उचलले, तेव्हा हेझलनं कपाळाला हात लावला.

"आई, ठेव ते खाली. आज आपण गिऱ्हाईक आहोत."

"गिऱ्हाईक काय नुसतं माश्या मारत बसतं?" ग्लेनिस म्हणाली. पण ठेवले. एकतीस वर्षं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, रॉयनं, हाच पब चालवला होता. रिकामा ग्लास दिसला की तिचा हात आपला आपण पुढं जायचा. चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसालाही गेला.

वाढदिवस हे लेकीनं काढलेलं निमित्त. रॉय गेल्यावर ग्लेनिसनं हा 'फेरीमन' पब विकला आणि त्यानंतर तीन वर्षं ती नदीच्या या काठाला फिरकली नव्हती. लोकांना सांगायची, गुडघे दुखतात. खरं कारण असं, की तिथं रॉयचं काहीच उरलं नसेल, तर ते तिला बघायचं नव्हतं.

आज बघितलं. उरलं नव्हतंच. लाल गालिचा गेला होता आणि त्याच्याबरोबर त्याचा वासही. तेवढ्या एका गोष्टीबद्दल तक्रार करता येईना. भिंती राखाडी, पाटी राखाडी, नोकरांचे एप्रनसुद्धा राखाडी. नव्या मालकांना बहुधा सबंध दुकानात रंगाचा एकच डबा मिळाला असावा. चिप्स छोट्याशा पत्र्याच्या बादलीतून येत होत्या. पूर्वी जिथं रिकामी पिंपं आणि रॉयची फुटकी होडी पडलेली असे, तिथं थेट पाण्यापर्यंत लाकडी फळ्यांचा ओटा, त्यावर टेबलं, छत्र्या. ओटा माणसांनी गच्च भरला होता. ते तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

"वीस वर्षं सांगत होते त्याला, बाहेर चार बाकं टाक. म्हणायचा, नदी बघायचीय त्यांनी पुलावर जावं. इथं एल पितात."

"एवढं बोलायचे बाबा?"

"एवढंच बोलायचा."

रॉयची एल, म्हणजे पिंपात मुरवलेली बिअर, प्यायला लोक वीस-वीस मैलांवरून येत. पिंपातली एल बाटलीतल्या बिअरसारखी आज्ञाधारक नसते. ती पिंपात जिवंत असते, मुरत असते. आज कच्ची, परवा सुरेख, आठवड्यानं नुसता व्हिनेगर. ती नेमकी कधी काउंटरवर पाठवायची हे रॉयइतकं कुणाला कळत नाही, असा सबंध परगण्यात त्याचा लौकिक. आणि तुम्ही काय करायचात, असं कुणी विचारलं तर ग्लेनिस सांगायची, मी ग्लास धुवायचे. पिंपं ठेवलेल्या तळघराच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत नसत, आणि कुणी तिथं उतरलेलं रॉयलाही खपत नसे.

"रोज सकाळी अकराला वर यायचा," ती हेझलला म्हणाली. "एलचा एक छोटा ग्लास माझ्यापुढं ठेवायचा आणि उभा राहायचा. नुसता उभा. मी प्यायले, की ग्लास घेऊन परत खाली. ग्लास हवा असायचा ना त्याला! बरी आहेस का नाही, आज छान दिसतेस नाही. एकतीस वर्षं माणूस ग्लासासाठी ताटकळत उभा."

हेझल हसली आणि तिनं आणलेला एलचा अर्धा पाइंट आईपुढं सरकवला. ग्लेनिसनं एक घोट घेतला.

"दोन दिवस लवकर उघडलीय. कच्ची आहे अजून."

"आई, हळू!"

पण उशीर झाला होता. मागं एक पस्तिशीची बाई उभी होती, दोन्ही दंडांवर गोंदण, एका हातात सहा रिकामे ग्लास. ते ग्लेनिसनं मोजले आणि मनातल्या मनात तिला पास केलं.

"मी टॅम्सिन. पब मी बघते आणि तळघरही," बाई म्हणाली. "तुम्ही ग्लेनिस ना?"

"का? आता नाव सांगून प्यावी लागते?"

"नाही. पण आत्ता तुम्ही नाक मुरडलंत."

टॅम्सिननं ग्लास खाली ठेवले आणि खिशातून फोन काढला. "मालक म्हणाले होते, तळघरही रंगवून घे. एक भिंत मी राहू दिली. खडूनं लिहिलेली, खालपासून वरपर्यंत. म्हटलं रॉयसाहेबांची विद्या आहे, वाचून शिकू. तीन वर्षं वाचतेय. एका अक्षराचा उपयोग नाही मला."

ग्लेनिसनं चष्मा चढवला. फोटोत रॉयचं वाकडंतिकडं अक्षर होतं. प्रत्येक ओळीत तारीख, पिंपाचा नंबर आणि पुढं शेरा.

'ग्लेनिसनं नाक मुरडलं. उद्या बघू.'

'नुसतंच ठीक म्हणाली. अजून एक दिवस.'

'सर्दी झालीय तिला. काही कळत नाही. सगळी पिंपं थांबवली.'

'डोळे मिटून प्यायली. वर पाठवा.'

आणि खाली, ठळक, दोनदा गिरवलेलं: 'हसली.'

हेझल नदीकडं बघू लागली. आईच्या डोळ्यांत पाणी असताना दुसरीकडं बघायचं, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागलं नव्हतं.

"मग तू कशावरून ठरवतेस?" चष्मा उतरवत ग्लेनिसनं विचारलं.

"अंदाजानं."

"ते कळलं मला. घोट घेतल्याबरोबर."

टॅम्सिन आत गेली. परत आली ती एक छोटा ग्लास घेऊन. तो तिनं ग्लेनिसपुढं ठेवला आणि समोर उभी राहिली. नुसती उभी.

"पिऊन टाक ना आई," हेझल कुजबुजली. "बघ, खोळंबल्यात त्या. ग्लास हवा असेल त्यांना."

"ग्लास कुणाला हवाय," ग्लेनिस म्हणाली आणि डोळे मिटून तिनं तो ओठांना लावला.