वजन चाकांवर आल्यावर

“आई, जरा गाडीत येऊन बसता का?” सुनेने गाडीखालूनच विचारलं.

सासऱ्यांच्या हातातला टॉर्च हलला. महिनाभरात हे विचारायची घरात कोणाची छाती झाली नव्हती. सासूबाई दारातल्या खुर्चीवर मटार सोलत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

महिन्यापूर्वी डोंगरातल्या रस्त्यावर एका सायकलवाल्याला वाचवायला सुनेने गाडी झटकन वळवली, आणि ती सात माणसांची धिप्पाड गाडी अशी काही कलली की आत बसलेल्या सासू, सासरे आणि सून, तिघांचाही जीव टांगणीला लागला. कोणाला खरचटलंही नाही. पण घरी आल्यावर सासूबाईंनी जाहीर केलं, “ही गाडी डोलते. मी हिच्यात पुन्हा पाय ठेवणार नाही.” त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांची लेक त्याच डोंगरापलीकडे होती. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले, रोज फोनवर ‘आई, कधी येतेस?’ मुलगा बोटीवर नोकरीला, म्हणजे असून नसल्यासारखा. सासरे जन्माचे शिंपी, त्यांना शिवणयंत्रापलीकडे काही चालवता येत नव्हतं. गाडी दारात, चालवणारी घरात, आणि तरी आई लेकीपाशी पोचत नव्हती.

सुनेने वाद घातला नाही. “डोलते ना? मग डोलणं कमी करू,” एवढंच म्हणाली.

अशा गाडीखाली दोन्हीकडच्या चाकांना जोडणारा एक लोखंडी दांडा असतो. स्वे बार म्हणतात त्याला. वळणावर गाडी एका अंगाला झुकायला लागली की तो पीळ खातो आणि तिला सावरून धरतो. दांडा जितका जाड तितकी गाडी कमी झुकते. सुनेने पुढचा आणि मागचा, दोन्ही जाड मागवले. बसवायला गॅरेजवाल्याने पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. बाळ काही गॅरेजवाल्याच्या तारखेसाठी अडून बसणार नव्हतं. मग ती स्वतःच गाडीखाली शिरली.

सासरे सकाळपासून टॉर्च धरून बघत होते. मागचा एक बोल्ट गंजून पार हटून बसला होता. तिने त्याच्यावर तेल सोडलं, चहा पिऊन आली, परत सोडलं, हलकेच ठोकलं, वाट बघितली. दुसरा कोणी असता तर आईमाई काढून मोकळा झाला असता. शेवटी बोल्ट आपणहून सुटावा तसा सुटला. हयातभर कारागिरांत वावरलेल्या माणसाला एवढं कळत होतं की ताकद पुष्कळांकडे असते, सबुरी फार थोड्यांकडे. त्यांना सुनेचा मनापासून अभिमान वाटला. जुना दांडा अंगठ्याएवढा निघाला. नवा कुऱ्हाडीच्या दांड्याएवढा होता.

“बाबा, शेवटचं आवळायचं ते गाडी चाकांवर उतरवून,” तिने सांगितलं होतं. “अधांतरी असताना आवळलं तर आतलं रबर पिळून बसतं. मग ते कुरकुरत राहतं.” सासऱ्यांना हे लगेच पटलं. कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघितल्याशिवाय त्यांनीही कधी शेवटचा टाका घातला नव्हता.

आता गाडी चाकांवर उभी होती. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावलेले होते.

“माणूस बसल्याचं वजन हवंय, आई,” सून खालून म्हणाली. “बाबा टॉर्च धरतायत. तुमच्याशिवाय आहे कोण?”

सासूबाईंनी मटारांचं ताट खाली ठेवलं. गाडीपाशी आल्या. दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला आणि तशाच थांबल्या. मग गाडी जराशी दबली. त्या बसल्या होत्या.

सून कामाला लागली. तिच्याकडचा पाना बोल्ट पुरेसा आवळला की ‘कट्’ असा वाजायचा. सासरे तो आवाज दिवसभर ऐकत होते. दर वेळी पाना आधी चांगला फिरायचा, मग वाजायचा. या वेळी तो तसूभरही फिरला नाही. लावला आणि वाजला. पुढच्या बोल्टलाही तेच. म्हणजे बोल्ट केव्हाच आवळून झाले होते. त्यांनी चमकून सुनेकडे पाहिलं. तिने गप्प राहायची खूण म्हणून ओठांवर बोट ठेवलं, आणि ग्रीसची बारीकशी मिशी उमटली. सासऱ्यांना हसू आवरेना. जे महिनाभर घरात कोणालाच साधलं नव्हतं, ते या पोरीने एका पान्याने साधलं होतं.

“झालं का गं?” वरून आवाज आला.

“थोडंच राहिलंय, आई. हलू नका.”

कट्. कट्. सासूबाई निवांत बसून राहिल्या. त्यांनी पाठसुद्धा टेकली.

बऱ्याच वेळाने सून सरपटत बाहेर आली आणि उघड्या दाराशी उभी राहिली. “झालं. आता भीती नाही ना वाटत, आई?”

“मला कधी वाटली होती?” सासूबाईंनी तिचे माखलेले हात आपल्या हातात घेतले, पालथे केले, उताणे केले, नीट निरखून पाहिले. “त्या वळणापासून घरापर्यंत तुझे हात नुसते लटलट कापत होते. वर म्हणत होतीस, मला काही झालं नाही. तुला परत त्याच रस्त्यावर ने म्हणायला माझी जीभ रेटेना. मग म्हटलं, गाडीच डोलते.”

सासऱ्यांनी टॉर्च विझवला.

“आता नाही कापत,” सासूबाई म्हणाल्या. “जा, धुऊन ये. लेक वाट बघतेय माझी.”