सही जुळत नाही
सही म्हणजे माणसाचा आत्मा, असं आमच्या बँकेत चेकवरच्या सह्या तपासणारे काका म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत असे दोनशे आत्मे ते हातावेगळे करत. मग त्यांच्याच तीस वर्षांच्या निर्णयांवरून शिकलेलं यंत्र आलं, आणि साहेबांनी काकांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला सांगितलं. अर्जावरची काकांची सही यंत्राने नाकारली. दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही. “काका, हात सैल सोडा ना,” मी म्हणालो. “अरे, थरथरतोय तो. माझं ऐकतच नाही.” “यंत्रच बिघडलं असेल,” साहेब ओशाळून पुटपुटले. काकांनी खणातून भिंग काढलं आणि नोकरीवर रुजू होतानाची सही शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. “त्याला नावं ठेवू नका, साहेब. मी तरी ही सही कुठे पास केली असती?” अर्ज पाचच्या आत जायला हवा होता. साहेबांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. काकांनी अंगठा उमटवला.