चंद्रीचं दावं

रोज स्वतः धार काढणाऱ्या मानसिंगरावांच्या हाताची जखम कुठल्याच गोळीला दाद देईना, अन् चंद्री म्हशीच्या कासेची सूजही उतरेना.

"हिनंच मला रोग दिला. इकून टाका बाजारात!" त्यांनी फर्मान सोडलं.

सून विजयमाला दावणीपुढं आडवी उभी राहिली. "आदी तपासणी हू द्या, मामंजी. तवर चंद्री हितनं हलणार न्हाय."

सोलापूरच्या प्रयोगशाळेत दोघांच्या जंतूंची जनुकं वाचली. डॉक्टर म्हणाले, "जंतू एकच आहे. पण त्याची जात माणसात वाढणारी, म्हशीकडून आलेला नाही. धार काढणाऱ्या हातातून म्हशीला गेलाय. गोळ्या अर्धवट सोडल्या, की असा निगरगट्ट होतो."

विजयमालानं चंद्रीच्या गळ्यातलं दावं सोडलं अन् सासऱ्यांपुढं धरलं.


"मामंजी, आता बाजारात कुणाला न्यायचं?"